मालनबाईची चूल आणि घोटीचा प्लॉट

सावळीरामभाऊ एसटीत चढले की बसत नाहीत. तिकीट काढतात, खिडकीची सीट रिकामी असते, मालनबाई पदराने ती झटकून हाताने दाखवतात, तरी हा माणूस दाराजवळच्या दांड्याला धरून उभा. कंडक्टर नवखा पोरगा असला तर त्याला हळूच सांगतात, "मागं मोकळं आहे, सरकवा लोकांना." पोरगा वळून बघतो. मालनबाई खिडकीबाहेर बघतच म्हणतात, "लक्ष देऊ नको बाबा. रिटायर झालेत, पण गाडीतून उतरले नाहीत अजून."

जेल रोडच्या आमच्या कॉलनीत त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून आहे. त्यांच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की मी चुकून आमचा गॅस बंद करते, इतकं जवळ. भाऊंनी उभी हयात नाशिक-घोटी-इगतपुरी मार्गावर कंडक्टरकी केली. घरातली भाषाही एसटीचीच राहिली. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. थोरल्या राकेशला पुण्यात नोकरी लागली तेव्हा जावं की नाही यावर आठवडाभर घोळ चालला होता. शेवटी जेवताना भाऊंनी चमच्याने ताटावर टण् टण् केलं आणि राकेश पुण्याला गेला. धाकट्या साक्षीने फिजिओथेरपी शिकायचं म्हटलं तेव्हाही दोन घंट्या. मालनबाईंनी मिक्सर बदलायचा विषय काढला की मात्र एकच.

सकाळची वंदना झाली की मी वहीत चार ओळी लिहिते. पाणी किती वाजता आलं, विहारात कोण आलं होतं, असलंच काही. पण गेल्या वर्षी पान उघडावं तर भाऊंचा प्लॉट, पुढचं उघडावं तर भाऊंचा प्लॉट. म्हणून म्हटलं, हे एकदा सलग लिहून काढू.

तर प्लॉट. गोंदे गेलं की घोटीच्या अलीकडे, हायवेच्या आत, भातशेतांना लागून एक लेआउट पडला होता. रस्त्यावर मोठी पाटी होती. तिच्यावर निळाशार पोहण्याचा तलाव आणि त्यात टोपी घातलेली एक बाई. भाऊ रोज चार वेळा त्या पाटीसमोरून जायचे. रिटायर झाल्यावर फंड हातात आला तेव्हा बरोबरीच्यांनी बँकेत टाकला, कोणी सोनं केलं. भाऊ म्हणाले, "बँक आत काय करते ते मला दिसतं का? जमीन माझ्या डोळ्यासमोर आहे. रोज बघितली आहे. पळून जाणार नाही." त्यांनी फंडातला मोठा हिस्सा घालून सव्वीस नंबरचा प्लॉट घेतला. लेआउटवाल्याने तो जीपमधूनच दाखवला. "तो विजेचा पोल दिसतो ना भाऊ, त्याच्यापासून दुसरा तुमचा." भाऊंना ते पटलं. त्यांच्या डोक्यात सगळी दुनिया अशीच मांडलेली आहे. आमच्या घरचा पत्ता विचारला तरी सांगतात, वडापासून चौथं दार.

पहिली चार वर्षं भाव चढत गेला. कागदावर दुप्पट झाला तेव्हा भाऊंनी कॉलनीत पेढे वाटले. मालनबाईंनी विचारलं, "विकला का?" भाऊ म्हणाले, "विकायचा कशाला, वाढतोय ना." मग तो वाढायचा थांबला. टाउनशिप आलीच नाही. शेतांवरून मोठ्या विजेच्या तारा गेल्या. लोकांची नजर दुसऱ्या रस्त्याकडे वळली, आणि भाव उतरत उतरत घेतल्याच्या निम्म्यावर आला. ती पाटीसुद्धा एका वावटळीत पडली. तिचा पत्रा तिथल्या शेजारच्या शेतातल्या झुंबरबाईने उचलून गोठ्यावर टाकला. टोपीवाली बाई अजून तिथे पोहते आहे, म्हशींच्या डोक्यावर.

एजंट दरवर्षी आधीपेक्षा कमी आकडा सांगायचा आणि भाऊ दरवर्षी तेच उत्तर द्यायचे, "कसारा घाटात गाडी उतरते तशी चढतेही."

मालनबाई म्हणायच्या, "चढायला इंजिन लागतं. तुमच्या प्लॉटला कुठलं इंजिन आहे?"

आता मालनबाई असं बोलायच्या खऱ्या, पण त्या जागेवर सगळ्यांत जास्त जीव त्यांचाच. घेतला त्याच्या पुढच्या वर्षीपासून आम्ही मार्गशीर्ष पौर्णिमेनंतरच्या रविवारी तिथे जायला लागलो, ते आजतागायत. कॉलनीतली दोन-चार घरं, लाल गाडी, आणि दांड्याला धरून भाऊ. पहिल्याच वर्षी भाऊंनी पोलापासून दुसरा प्लॉट पावलं टाकून मोजला आणि मधोमध उभे राहून म्हणाले, "हे आपलं." गवत कमरेइतकं होतं. मालनबाई त्या गवतात शिरल्या आणि चांगले चौकोनी घडीव दगड पायाने उकरत म्हणाल्या, "चुलीची तर सोय झाली." तिथल्या तिथे तीन दगड मांडले, काटक्या घातल्या आणि वांगी भाजली. त्या वांग्याच्या भरताची चव मला अजून आठवते. धुराने डोळे चुरचुरत होते, बाजरीची भाकरी ताटातच वाफाळत होती.

मी त्या वर्षी विहारातून भन्तेजींनी दिलेलं पिंपळाचं रोप नेलं होतं. ते लावलं, त्रिशरण म्हटलं, पाणी घातलं. पुढच्या वर्षी भाऊंनी जांभूळ लावलं. मग आंबा, मग कडुनिंब, मग साक्षीने शाळेच्या सहलीतून आणलेली रिठ्याची बी, जी काय उगवेल असं वाटलं नव्हतं. उन्हाळ्यात पाणी झुंबरबाई घालायची आणि मधूनमधून भाऊ एसटीने जाऊन यायचे. बारा वर्षांत तिथे बघण्यासारखी सावली झाली. आजूबाजूचे प्लॉट उघडे, नुसती बाभूळ आणि गवत. आमच्याच तेवढ्या तुकड्यावर पाखरं.

गेल्या वर्षी साक्षीच्या स्वतःच्या दवाखान्याचं निघालं. ती एका दवाखान्यात नोकरीला होती, हात चांगला. कॉलनीच्या कोपऱ्यावर एक गाळा रिकामा झाला. तळमजल्यावर, रस्त्याला लागून. गुडघेदुखीच्या बायांना जिने चढावे लागणार नाहीत. साक्षीचं आत उभं राहून खाटा कुठे, यंत्रं कुठे, सगळं डोळ्यांनी मांडूनही झालं. डिपॉझिट आणि यंत्रांना पैसे हवे होते. कर्ज काढायला ती तयार नव्हती. मालकाने महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हटलं.

घरात पैसे म्हणजे एकच जागा होती. साक्षीने विषय काढला तेव्हा मी तिथेच होते, विरजण मागायला गेले होते.

"पप्पा, प्लॉट विकू या का?"

"आत्ता? निम्म्या भावात? दोन-तीन वर्षं थांब. वर आला की तुला दोन गाळे घेऊन देतो."

"तुम्ही दोन-तीन वर्षं म्हणताय तेव्हा मी बारावीत होते."

मालनबाई कढीला फोडणी देत होत्या. त्यांनी जरा जास्तच जोरात जिरं टाकलं.

साक्षी शांत मुलगी आहे. दुखऱ्या माणसाचा खांदा धरावा तशी बोलते, आधी अंदाज घेऊन. ती म्हणाली, "किती दिले होते ते आपण विसरून जाऊ. नुसतं एवढं सांगा. आज तो विकून जेवढे येतील तेवढे पैसे आत्ता तुमच्या हातात दिले, तर तुम्ही त्यांचा हाच प्लॉट परत घ्याल का? घ्याल म्हणालात तर मी परत विषय काढणार नाही."

भाऊ ताटावर बसले होते. चमचा हातात होता, पण घंटी काही वाजली नाही. शेवटी म्हणाले, "असं घरात बसून नाही सांगता येणार. रविवारी जातोच आहोत. तिथं उभा राहून सांगतो."

"चालेल. तोवर नेटवर जाहिरात टाकून ठेवू? नुसता अंदाज."

"टाक. कोण फोन करतंय."

तिसऱ्याच दिवशी फोन आला. देवळाली कॅम्पातले, लष्करातून निवृत्त झालेले हवालदार, नाव निवृत्ती. त्यांचा त्याच लेआउटमध्ये सत्तावीस नंबरचा प्लॉट होता. पोरगा नवनाथ रोपांची नर्सरी काढायची म्हणत होता, त्याला एक प्लॉट पुरत नव्हता. शेजारचा सव्वीस मिळाला तर बघू, म्हणाले. साक्षीने रविवारी या म्हणून सांगितलं. भाऊ ऐकून फक्त एवढंच म्हणाले, "निवृत्त होऊन नाव निवृत्तीच. आमच्या डेपोत असता तर लोकांनी सोडला नसता."

रविवारी आम्ही चौघंच निघालो. बाकीच्यांना कुठे कुठे लग्नं होती. महामार्ग स्टँडवरून गाडी मिळाली. त्रिरश्मी लेणीचा डोंगर आला तसे मी हात जोडले आणि मनात साक्षीचा गाळा आणला, मग लाज वाटून भाऊंचा प्लॉटही आणला. दोन्ही एकदम कसे मागायचे ते कळेना, म्हणून नुसतंच सगळ्यांचं मंगल होवो म्हटलं.

तिथे पोचलो तर जांभळाखाली गारवा होता. मालनबाईंनी दगड झटकले, चूल पेटवली, पातेल्यात मसाल्याची आमटी चढवली. भाऊ एकेका झाडाजवळ गेले. पिंपळाच्या बुंध्याला आता दोन्ही हातांची मिठी पडत नाही. त्याची पानं वाऱ्याशिवायसुद्धा हलत होती. भाऊ परत आले आणि पोरीसमोर उभे राहिले.

"साक्षी, तू विचारलंस ना. घेईन. आजच्या आज घेईन. कमी पडले तर उसने काढून घेईन."

साक्षीचा चेहरा उतरला. पण दिलेला शब्द. ती म्हणाली, "बरं. मग नाही विकायचा. गाळ्याच्या मालकाला उद्या नाही म्हणून सांगते." आणि ती कोथिंबीर निवडायला बसली. निवडलेली जुडी पुन्हा निवडत होती.

मालनबाईंनी नवऱ्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी आमटीकडे बघितलं.

तेवढ्यात स्कूटरवर हवालदार आले. ताठ पाठ, पांढऱ्या मिशा, काखेत नकाशाची सुरळी आणि हातात मोजायची टेप. त्यांनी स्कूटर लावली, रस्त्याच्या कोपऱ्यापासून टेप धरत धरत आमच्यापर्यंत आले, नकाशा बघितला, झाडं बघितली, परत नकाशा बघितला.

भाऊ पुढे झाले. "राम राम हवालदारसाहेब. तुम्हाला उगाच चक्कर पडली. प्लॉट विकायचा नाही आम्हाला. सिंगल बेल."

"नाही विकायचा तर नाही," हवालदार म्हणाले. "तुमचा माल, तुमची मर्जी. पण मग माझ्या प्लॉटवरून उठा."

आमटी खदखदत होती.

"तुमचा?" भाऊ हसले. "साहेब, हा सव्वीस. बारा वर्षं येतोय मी. पोलापासून दुसरा."

"मी पोल मोजत नाही. मी कोपऱ्यापासून टेप धरली. तुमचा तो, पलीकडचा." त्यांनी बोट केलं तिकडे बाभळी, गवत आणि कोणीतरी टाकलेला फाटका टायर होता.

धूर बघून झुंबरबाई भाताच्या बांधावरून येत होती. दरवर्षी येते, आम्ही तिला जेवायला थांबवतो. भाऊंनी तिलाच साक्षीदार केलं. "झुंबरबाई, तुम्ही सांगा यांना. आम्ही कुठं बसतो?"

"हितंच बसता की."

"आणि पोल कुठं आहे?"

"त्यो का? आत्ता हाय तिथंच हाय." तिने डोक्यावरचा भारा खाली ठेवला. "पयला व्हता माझ्या गोठ्यापाशी. तुम्ही जागा घेतली ना, त्याच्या पुढल्या साली वीजवाल्यांनी अलीकडं आणून रोवला. माझी म्हस अंग घासायची त्याला."

भाऊंनी मनात पोल उचलला आणि गोठ्यापाशी नेला. ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं. तिथून एक, दोन. दुसरा आला तो टायरवाला.

"मग बारा वर्षं बोलली का नाहीस बाई?" मालनबाईंनी विचारलं.

"मला काय ठावं. मला वाटलं, दोन्ही तुमचेच असतील. शहरातली माणसं, घेतात चार-चार."

भाऊ सहजी मानणारे नाहीत. म्हणाले, "टेप चुकते, माणूस चुकतो. हद्दीचे दगड दाखवा. लेआउटवाल्याने प्रत्येक प्लॉटच्या चार कोपऱ्यांना दगड रोवले होते, नंबर घातलेले."

हे मात्र हवालदारांनाही पटलं. मग सगळे दगड शोधायला लागले. एक दगड जांभळाच्या मुळाने अर्धा गिळलेला सापडला. साक्षीने नखांनी माती खरवडली. त्यावर छिन्नीने कोरलेला आकडा होता, सत्तावीस. भाऊ म्हणाले, "हा एकच. बाकीचे तीन कुठं आहेत? तीन दाखवा, मग बोलू."

हवालदार टेप घेऊन बाकीचे कोपरे उकरत होते. झुंबरबाई विळ्याने गवत सारत होती. काही सापडेना. मालनबाई मात्र चुलीपाशीच बसलेल्या होत्या आणि अजिबात हलत नव्हत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या चुलीच्या दगडांकडे बघत होत्या. चांगले चौकोनी घडीव दगड.

"सिंधू," त्या हळूच म्हणाल्या, "पातेलं उतरव गं."

मी पातेलं उतरवलं. मालनबाईंनी काठीने निखारे सारले, पदराच्या दोन घड्या करून एक दगड धरला आणि उलटा केला. बारा वर्षांची काजळी बाजूंना होती. खालचं अंग मात्र स्वच्छ, आणि त्यावर सत्तावीस. दुसरा उलटला, त्यावरही सत्तावीस. तिसरा उलटायची गरज नव्हती, पण त्यांनी तोही उलटला.

हवालदार कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "वहिनी, मी चोवीस वर्षं सरहद्दीवर काढली," ते म्हणाले. "हद्दीच्या दगडावर आमटी शिजवताना कोणाला बघितलं नव्हतं."

पहिली साक्षी हसली. तिने तोंडावर कोथिंबिरीचा हात धरला, पण ते काही थांबेना. "पप्पा, जन्मभर लोकांना हाका मारून उतरवलंत आणि स्वतः एक स्टॉप पुढे जाऊन उतरलात."

मग झुंबरबाई हसली, मग मी. मालनबाई हसता हसता रडायला लागल्या आणि त्यातच म्हणाल्या, "अगं बाई, वांगी भाजली मी यांच्या नंबरावर." भाऊ तेवढे हसले नाहीत. ते पिंपळापाशी गेले, तिथून वळले आणि गवत तुडवत सव्वीस नंबरात शिरले. खऱ्या सव्वीस नंबरात, पहिल्यांदाच.

आम्ही इकडून बघत होतो. ते टायरजवळ उभे राहिले. धोतराला, म्हणजे आता ते पायजमाच घालतात, पण सवयीने धोतर सावरल्यासारखं करत त्यांनी कुसळं काढली. वर बघितलं तर डोक्यावरून तारा जात होत्या. साक्षी त्यांच्यामागे गेली नाही. चांगली पोर आहे, तिने प्रश्न परत विचारला नाही. पण आता तो विचारायची गरजच नव्हती. तिथे उभं राहिल्यावर तो प्रश्न आपोआपच त्यांच्यासमोर उभा राहिला असणार.

हवालदार चुलीपाशी उकिडवे बसले. म्हणाले, "खरं सांगू का वहिनी, मी इतक्या वर्षांत फिरकलोच नाही. त्याच साली, त्याच भावाने मीही घेतला. भाव पडला तसं यायचं मन होईना. जखमेवरची पट्टी कशाला उघडून बघायची, असं. आणि इथं येऊन बघतो तर कोणीतरी माझ्या जागेत जंगल लावलंय."

भाऊ परत आले. घामेजले होते. पोरीसमोर उभे राहून म्हणाले, "साक्षी, तो फुकट दिला तरी मी विचार करीन."

"पप्पा, तुम्ही—"

"थांब. इतकी वर्षं मी घाटा डोक्यात धरून बसलो होतो आणि बघत होतो यांच्या प्लॉटकडं. मला वाटायचं, एवढं सोन्यासारखं आहे, भाव येणारच. सोनं होतं ते झाडांचं. आपल्या प्लॉटला कोणी हातच लावलेला नाही." मग हवालदारांकडे वळून, "बोला साहेब. काय देता?"

हवालदार मिशीवर हात फिरवत म्हणाले, "आजचा भाव. तुमचा घाटा मी भरून देणार नाही, माझाही तेवढाच झालाय."

"आणि झाडांचं?" मालनबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला. "बारा उन्हाळ्यांचं पाणी आहे ह्यात. तुमच्या पोराला नर्सरीसाठी आयती सावली मिळाली."

"मग बारा वर्षांचं जागेचं भाडं मी लावू का वहिनी?"

"लावा. मीही तुमच्या तीन दगडांच्या राखणीचं लावते. चोरीला गेले नाहीत, बघा, कसे जपले."

हवालदार पहिल्यांदा मोकळं हसले. बोलता बोलता ते आजच्या भावावर थोडं चढले, फार नाही. भाऊंनी आकडा ऐकला, घेतलेल्या किमतीशी त्याची तुलना करायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मी ते बघितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "पिंपळ ठेवाल ना?"

"पिंपळाला कुऱ्हाड लावली तर आमची म्हातारी मला उंबरा ओलांडू देणार नाही."

"आणि जांभळाला लावली तर मी हाय," झुंबरबाई भाकरी मोडता मोडता म्हणाली. "लय चढलेय मी त्याच्यावर."

"आणि हा रविवार?" मालनबाईंनी विचारलं.

"वहिनी, तुम्ही आला नाहीत तर आमटी कोण करणार?"

भाऊंनी मालनबाईंच्या हातातली पळी घेतली. पातेल्यावरच्या झाकणावर दोनदा मारली. टण् टण्. साक्षी उठली आणि पिंपळाच्या पलीकडे जाऊन तिने गाळ्याच्या मालकाला फोन लावला. आम्हाला ऐकू येत होतं, ती फक्त एवढंच म्हणत होती, "हो काका, नक्की. हो. नक्की."

मी पिंपळाला पाणी घातलं आणि त्रिशरण म्हटलं. मनात आलं, आपण याला लावलं तेव्हा कोणाच्या जागेत लावतोय हे आपल्याला माहीत नव्हतं, आणि त्यालाही काही फरक पडला नाही. मग आम्ही जेवलो. आमटी जरा गार झाली होती. हवालदारांनी तीनदा घेतली.

उन्हाळ्यात साक्षीचा गाळा सुरू झाला. भन्तेजी आले, परित्राणपाठ झाला, मी खीर केली होती. पहिला पेशंट म्हणून निवृत्ती हवालदार देवळाली कॅम्पावरून खांदा घेऊन आले आणि पैसे द्यायला लागले तेव्हा साक्षी नको म्हणाली, तर म्हणाले, "घे. मी कोणाचं फुकट घेत नाही, झाडं सोडून." आता सकाळी गाळ्यासमोर बाया बाकावर बसलेल्या असतात. सावळीरामभाऊ दारात उभे असतात, चौकटीला हात लावून. बसायला खुर्ची ठेवली आहे, ती रिकामी. "आत दोघींची जागा आहे, सरका पुढं. मावशी, तुमचा नंबर आला." त्यांच्या आवाजाने अर्धी गुडघेदुखी बरी होते, असं साक्षी म्हणते. प्लॉटच्या भावाची चौकशी मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही. एकदा कोणीतरी सांगायला आलं की तिकडे आता परत वाढतोय म्हणे. भाऊ म्हणाले, "वाढू दे. हवालदारांची झाडं आहेत तिथं, वाढणारच."

यंदा मार्गशीर्षातल्या रविवारी परत गेलो. कॉलनीतली सगळी घरं होती. नवनाथने रोपांच्या पिशव्यांच्या रांगा लावल्या आहेत, जांभळाखाली जाळी टाकली आहे. आमचा जुना टायर गेला आहे. चारही हद्दीचे दगड आपापल्या कोपऱ्यात सिमेंटमध्ये घट्ट बसवलेत, नंबर वर करून, रंग दिलेले. मालनबाई जिथे चूल मांडायच्या तिथे हवालदारांनी तीन नवे काळे दगड आणून ठेवले होते, धुऊन.

"वहिनी, घ्या. हे नदीचे आहेत."

मालनबाईंनी पातेलं माझ्या हातात दिलं. खाली बसल्या, पहिला दगड उलटा करून बघितला. मग दुसरा. मग तिसरा. तिन्हीवर काही नव्हतं, तेव्हा कुठे काटक्या घातल्या.